बँकॉकमध्ये घर बदलतोय, नव्या घरी नेट कुणाचं घ्यावं?

ओन्नुतकर | २२ मार्च, रात्री १०:१०

मंडळी, जरा मदत हवी आहे.

साडेतीन वर्षं ओन्नुतला (सुखुमवित ७७) एका काँडोत काढली. आता लेकीची शाळा बांगनाच्या पलीकडे गेलीय, म्हणून बांगना-त्रात रस्त्याच्या आतल्या बाजूला, बांगफ्लीकडे एका मूबानमध्ये तीन मजली टाउनहाउस भाड्याने घेतोय. (नवीन लोकांसाठी: मूबान म्हणजे फाटक, रखवालदार असलेली घरांची वसाहत.) ५ एप्रिलला सामान हलवायचं आहे.

सध्याची फायबर जोडणी माझ्या नावावर आहे, २४ महिन्यांचा करार, त्यातले ९ बाकी. तीच नव्या घरी हलवावी, की ही बंद करून दुसऱ्या कंपनीची नवीन घ्यावी? सौ. पुण्यातल्या कंपनीसाठी घरून काम करते. दिवसभर व्हीपीएन (ऑफिसच्या जाळ्याशी सुरक्षित जोडणी) आणि व्हिडिओ कॉल, आणि पुण्याचे साडेसहा म्हणजे इथले आठ, त्यामुळे संध्याकाळी नेट झोपलं की घरात वातावरण तापतं. मला स्वतःला मॅच बघण्यापलीकडे काही लागत नाही.

वेबसाइटवर सगळ्यांचेच प्लॅन सारखे दिसतात. ५००/५०० एमबीपीएसला साधारण ४०० ते ६०० बाहत, वर ७ टक्के व्हॅट. मग निवडायचं कशावरून?

एक विनंती. तक्रार असेल तर कंपनीचं नाव न घेता लिहा. मागच्या वेळी मोबाइलच्या धाग्यावर जी धुळवड झाली तिचे रंग अजून गेले नाहीत.

---

नोन्थबुरीचा_नाना | २२ मार्च, रात्री ११:०२

वर्षं किती झाली ते विचारू नका, पण टेलिफोनच्या तारेवरून नेट यायचं तेव्हापासून मी इथे आहे.

आधी मैदानात कोण उरलंय ते बघा, कारण लोक अजून जुनी नावं घेऊन भांडतात. टीओटी आणि कॅट या दोन सरकारी कंपन्या ७ जानेवारी २०२१ ला एकत्र येऊन एनटी झाली. १ मार्च २०२३ ला ट्रू आणि डीटॅक एक झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात एआयएसने थ्री बीबी चालवणारी ट्रिपल टी ब्रॉडबँड विकत घेतली. म्हणजे घरगुती फायबरमध्ये एआयएस थ्री बीबी, ट्रू आणि तिसरी एनटी, एवढाच खेळ. पूर्वी चार दुकानं फिरून घासाघीस करायचो, ती मजा गेली.

पण ओन्नुतकर, तुमचा प्रश्नच उलटा आहे. कंपनी तुम्ही निवडत नाही, तुमची सोय निवडते. (सोय म्हणजे इथली गल्ली हो. बाकी सोय नंतर.) माझ्याकडे उत्तम चालणारी कंपनी तुमच्या गल्लीत रडत असेल. उद्या-परवा नव्या घरी जा आणि मान वर करून खांबाकडे बघा. तारांचं जंजाळ दिसेल, त्यात काळ्या पेट्या लटकलेल्या असतात आणि पेटीवर किंवा तारेवर कंपनीचं नाव असतं. तुमच्या दारापासून सर्वात जवळची पेटी कुणाची ते बघा. मग फाटकावरच्या रखवालदाराला विचारा की कुणाची गाडी सारखी दुरुस्तीला येते. त्याच्याएवढी माहिती कुठल्याच कॉल सेंटरला नसते.

---

सिमकार्ड_बहाद्दर | २२ मार्च, रात्री ११:२०

घरी नेट घेताच कशाला? शॉपीवर (इथलं ऑनलाइन दुकान) वर्षभराचं अनलिमिटेड सिम मिळतं, थाई लोक त्याला 'सिम थेप' म्हणतात. फाइव्ह-जी राउटरमध्ये टाका, विषय संपला. ना करार ना चांग (जोडणी करायला येणारा कारागीर). घर बदललं की राउटर पिशवीत. हाकानाका.

---

पाहुरतची_पाहुणी | २३ मार्च, सकाळी ८:३५

@बहाद्दर, एकट्या माणसाला ठीक आहे हो. ज्या घरात संध्याकाळी आठला कॉल असतो तिथे टॉवरवर सगळी सोसायटी लोंबकळलेली असते. मी सात महिने काढलेत सिमवर. पावसात तर विचारू नका. पण सामान हलवण्याच्या दोन आठवड्यांसाठी जवळ ठेवायला उत्तम, तेवढ्यापुरतं अनुमोदन.

ओन्नुतकर, तुम्ही काँडोतून बाहेर पडताय म्हणजे सुटलात. माझी कथा काँडोवाल्यांसाठी लिहिते.

मागच्या वर्षी रामखाम्हेंगकडे घर बघितलं. छान, ३४ चौरस मीटर, बाल्कनीतून कालवा दिसतो. दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं भरलं, सही केली. मग माझी आवडती कंपनी घ्यायला दुकानात गेले. तिथल्या मुलीने इमारतीचं नाव टाकलं, ओठ मुडपले आणि म्हणाली, "मै दाय खा," म्हणजे नाही जमणार. त्या इमारतीत फायबर एकाच कंपनीने आत नेलेलं. बाकीच्यांना शिरायला नितीची परवानगी नव्हती. निती म्हणजे काँडोचं व्यवस्थापन कार्यालय. आणि जी एकमेव कंपनी होती तिचंही फायबर तळमजल्यापर्यंतच, वर माझ्या घरात जुनी टेलिफोनची तांब्याची तार. इमारतीच्या जाहिरातीत मात्र 'फायबर इंटरनेट' ठळक अक्षरात! फायबर होतं की, पार्किंगमध्ये.

नितीच्या खिडकीशी जाऊन एक प्रश्न विचारला असता तर वाचले असते: "या इमारतीत कुणाकुणाचं फायबर थेट घरापर्यंत येतं?" आता मैत्रिणींना सांगते, बाल्कनी नंतर बघा, आधी चपलांचं कपाट उघडा. बहुतेक ठिकाणी त्यातच ती पत्र्याची पेटी असते. आत फायबरचं टोक आहे का आणि शेजारी विजेचा प्लग आहे का, ते डोळ्यांनी बघायचं.

---

लाल_दिवा | २३ मार्च, दुपारी १:१५

माझं पोट याच धंद्यावर आहे, त्यामुळे लांबेल. चहा घेऊन बसा.

ओन्नुतकरांच्या घरी खरा प्रश्न वेगाचा नाही, पुण्याचा आहे. १००० एमबीपीएस वगैरे जे स्पीडटेस्टवर दिसतं ते बहुतेक वेळा बँकॉकमधल्याच सर्व्हरपर्यंतचं असतं. वहिनींचा व्हीपीएन जातो भारतात. बँकॉक ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ३,००० किमी. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किमी जातो, म्हणजे जाऊन-येऊन निदान ३० मिलिसेकंद. पण सरळ रेषेत कोण नेतं? बरीच वाहतूक आधी सिंगापूरला उतरते, तिथून मुंबई किंवा चेन्नई. हा फेरा ५,३०० किमीच्या घरात जातो, म्हणजे ५३ मिलिसेकंद, आणि वाटेतल्या यंत्रांचा वेळ वेगळा. थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर सातूनला समुद्राखालच्या केबल उतरतात, त्यातली सी-मी-वी ४ चेन्नई आणि मुंबई दोन्हीकडे जाते, एएई-१ मुंबईला. आता तुमची कंपनी तुमचा डेटा कुठल्या वाटेने पाठवते हे तिचे करार आणि त्या दिवशीची गर्दी ठरवणार. माझ्याकडे एका जोडणीवर मुंबईचा पिंग (हाच जाऊन-येऊन लागणारा वेळ, मिलिसेकंदात) ७५ च्या आसपास असतो, दुसऱ्यावर एकदा १९० बघितला. दोन्हींची स्पीडटेस्ट झकास होती!

म्हणून एक करा. नव्या वसाहतीत ज्याच्याकडे ती कंपनी आहे अशा एखाद्या शेजाऱ्याला गाठा, आणि रात्री आठ ते दहामध्ये लॅपटॉप घेऊन त्याच्याकडे दहा मिनिटं बसा. वहिनींच्या ऑफिसच्या व्हीपीएनला जोडा, पिंग बघा आणि मुख्य म्हणजे तो स्थिर आहे का ते बघा. ८० चा ८० राहिला तर व्हिडिओ कॉलला काही होत नाही. ७० चा मधूनच ३०० झाला की आवाज रोबोटसारखा येतो. त्याच कंपनीच्या मोबाइल हॉटस्पॉटवर तपासून उपयोग नाही. मोबाइलची वाट वेगळी असू शकते.

दुसरं सीजीनॅट. इथल्या घरगुती जोडण्यांवर बऱ्याचदा एकच सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) अनेक घरांत वाटलेला असतो. व्हीपीएनने बाहेर जाणाऱ्याला सहसा फरक पडत नाही. पण पुण्याहून आपल्या घरचा कॅमेरा बघायचा असेल किंवा घरी सर्व्हर ठेवला असेल तर अडतं. जोडणी घेतानाच विचारा की सार्वजनिक आयपी मिळेल का, फुकट की पैसे पडतील.

तिसरं वाय-फाय. तीन मजली काँक्रीटचं घर आहे. तळमजल्यावर टीव्हीमागे राउटर ठेवून तिसऱ्या मजल्यावर काम करणार असाल तर जगातली कुठलीही कंपनी तुम्हाला शिव्याच खायला घालेल. चांग येईल तेव्हा केबल मधल्या मजल्यावर किंवा वहिनींच्या टेबलापर्यंत घ्या. त्यांचा लॅपटॉप तारेने जोडा, बाकीच्यांना वाय-फाय. १००० च्या प्लॅनला जे जास्तीचे पैसे देणार ते एका लांब लॅन केबलला द्या. ५०० तुम्हाला आयुष्यभर पुरेल. (हलके घ्या, दोन वर्षं पुरेल.)

---

नोन्थबुरीचा_नाना | २३ मार्च, दुपारी २:४०

लाल दिवा, प्रतिसाद बेस्ट. फक्त शेजाऱ्याकडे पहिल्याच भेटीत लॅपटॉप घेऊन जायचं म्हणजे सोबत काहीतरी न्या. मी लाडू नेले होते. ते घर अजून मला लाडूवाले काका म्हणतं.

---

च्यांगमाई_चिवडा | २३ मार्च, संध्याकाळी ७:५०

कागदपत्रांचं कुणी लिहिलं नाही म्हणून. ऑनलाइन अर्जात १३ आकडी थाई ओळखपत्राचा क्रमांक मागतात, आपण तिथेच अडतो. सरळ मॉलमधल्या दुकानात जा. पासपोर्ट, वर्क परमिट आणि भाडेकराराची प्रत न्या. माझ्याकडे वर्क परमिट नव्हतं (मी नवऱ्याच्या व्हिसावर) तर काही महिन्यांचं बिल आगाऊ भरायला लावलं. दुसऱ्या दुकानात तेच काम आगाऊ न भरता झालं. त्यामुळे एका दुकानात नाही म्हणाले तर वाद न घालता पुढच्या मॉलमध्ये जायचं.

आणि ही खास आपली भानगड: मध्यंतरी पासपोर्टचं नूतनीकरण झालं, नंबर बदलला. जोडणी बंद करायला गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, या नंबरचा ग्राहकच नाही. ग्राहक समोर उभी आहे, हातात त्यांचंच बिल आहे, पण नाही! जुना पासपोर्ट घरी होता. गेले, आणला, तोवर दुकान बंद. ओन्नुतकर, साडेतीन वर्षांत तुमचा पासपोर्ट बदलला असेल तर दोन्ही घेऊन जा.

---

कर्जतची_कैरी | २४ मार्च, सकाळी ९:०५

तारखेकडे कुणाचं लक्ष आहे का? ५ एप्रिलला घर बदलताय. १३ ते १५ सोंगक्रान. त्याच्या आधीच निम्मे चांग गावी निघालेले असतात आणि नंतर दोन-तीन दिवस अंगावरचं पाणी वाळत नाही. १० तारखेच्या आत जोडणी झाली नाही तर थेट २० धरून चला. आजच दुकानात जा, लॅपटॉप-लाडू नंतर.

आणि घरमालकाला आधी विचारा, भिंतीला भोक पाडलं तर चालेल का. आमच्या रायोंगच्या घरी चांगने विचारलं, मी हो म्हटलं, त्याने खिडकीच्या चौकटीच्या बरोबर मध्यभागी पाडलं. घर सोडताना मालकाने डिपॉझिटमधून कापले. एसीच्या पाइपसाठी भोक असतंच, त्यातूनच घ्यायला सांगा.

---

ओन्नुतकर | २४ मार्च, रात्री ९:३०

धन्यवाद लोकहो. सोंगक्रान डोक्यातच नव्हतं! उद्या दुकानात जातो.

एक शंका. जोडणी हलवली तर करार तसाच चालू, फक्त हलवण्याचं शुल्क. नवीन घेतली तर नव्या ग्राहकाची सवलत मिळते, पण जुनीचे ९ महिने राहिलेत. सुरुवातीला माफ केलेलं बसवण्याचं शुल्क आता मागतील असं करारात दिसतंय. ऑफिसातला एक जण म्हणतो, जुनी सरळ बंद कर आणि त्याच कंपनीची नवीन बायकोच्या नावावर घे.

---

नोन्थबुरीचा_नाना | २४ मार्च, रात्री १०:१५

पुष्कळ जण करतात. पण ९ महिने बाकी असताना त्यात वाचणार काय? आधी हलवायला सांगा. त्यांना जमलं तर उत्तम. नव्या पत्त्यावर त्यांचीच तार पोचत नसेल, तर बोलणी तुमच्या बाजूने होतात: सेवा मी सोडत नाही, तुम्हालाच देता येत नाही. हे वाक्य त्यांच्याकडून लेखी घ्या, लाइन अ‍ॅपवरच्या चॅटमध्ये आलं तरी चालेल. फोनवरचं बोलणं हवेत जातं.

तरी पैसे मागितले तर १२०० ला फोन करा. एनबीटीसी, इथली दूरसंचार नियामक संस्था, तिचा तक्रारीचा नंबर. मी एकदाच केला होता. नुसतं 'करतो' म्हटल्यावरही काउंटरवरचा सूर बदलतो.

आणि काही झालं तरी नवीन चालू होऊन दोन दिवस जाईपर्यंत जुनी बंद करू नका. अर्ध्या महिन्याचं बिल जास्त जाईल, जाऊ द्या.

---

मूकवाचक_६ | २५ मार्च, दुपारी १२:००

वाखूसा (वाचनखूण साठवली). मीही जूनमध्ये फ्राखनोंगहून हलतोय.

---

ओन्नुतकर | २९ मार्च, रात्री ११:१०

पहिला हप्ता.

नव्या वसाहतीत जाऊन आलो. खांबाकडे बघत फिरताना रखवालदाराने मला हटकलं, मग मोडक्या थाईत विषय सांगितल्यावर स्वतःच पुढे होऊन पेट्या दाखवायला लागला. दोन कंपन्यांच्या आहेत. माझ्या सध्याच्या कंपनीची (तिला 'अ' म्हणू) पेटी आमच्या दारापासून तीन घरांवर, दुसरीची ('ब') कोपऱ्यावर. त्याच्या मते 'ब'ची गाडी जास्त वेळा येते. "पण लगेच येते," हेही त्यानेच सांगितलं. आता हे चांगलं की वाईट?

शेजारी एक शिक्षक जोडपं आहे, त्यांच्याकडे 'ब'. नानांचं ऐकून बाकरवडी नेली. रात्री साडेआठला त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून पुण्याचा पिंग घेतला. ८२, ८५, ८१, एकदा ११०, परत ८३. शिक्षकाने विचारलं हे कसले आकडे. मी म्हटलं, बायकोचा रक्तदाब.

'अ' कुणाकडे आहे ते वसाहतीच्या लाइन ग्रुपवर विचारलं, दोघांनी अंगठे वर केले, पण घरी बोलावलं नाही. तरी करार बाकी आहे म्हणून 'अ'लाच हलवायचा अर्ज दिला. त्यांच्या नकाशावर आमचा पत्ता हिरवा दिसतोय. ६ एप्रिल, सकाळी ९ ते १२ अशी वेळ मिळाली.

---

लाल_दिवा | ३० मार्च, सकाळी ७:४५

नकाशा हिरवा म्हणजे गल्लीत केबल आहे, एवढंच. पेटीत जागा आहे का ते चांग पेटी उघडेल तेव्हा कळतं. मुख्य फायबरचे स्प्लिटरने ८, १६, ३२ असे फाटे केलेले असतात. सगळे फाटे भरले की नवीन घराला जागा नाही. 'पोर्ट तेम' हा शब्द पाठ करून ठेवा. तेम म्हणजे भरलेलं. ऐकायची वेळ येऊ नये.

---

ओन्नुतकर | ६ एप्रिल, दुपारी १२:४०

आली. लाल दिवा, तुमच्या तोंडात साखर घालू की काय घालू?

सव्वादहाला दोन चांग आले. तारेला शिडी टेकवली, एक वर चढला, पेटी उघडली, दोन मिनिटं आत बघितलं आणि वरूनच ओरडला, "पोर्ट तेम!" खालचा माझ्याकडे बघून हसला, हात जोडले आणि म्हणाला मै पेन राय (चालायचंच, हरकत नाही). अरे, तुझं मै पेन राय, माझ्या घरी सोमवारी सकाळी कॉल आहे!

नवीन पेटी कधी? वर कळवतो. वर म्हणजे कधी? हसला.

सिमकार्ड बहाद्दर, मागे तुमची थट्टा केली असेल तर माफी. सध्या तुमच्याच सिमवर लिहितोय.

---

सिमकार्ड_बहाद्दर | ६ एप्रिल, दुपारी १:०५

मै पेन राय.

---

नोन्थबुरीचा_नाना | ६ एप्रिल, दुपारी १:३०

पोर्ट भरलं म्हणजे तुमचं काम सोपं झालं. आत्ताच्या आत्ता चॅटवर त्यांच्याकडून लिहून घ्या की या पत्त्यावर सध्या जोडणी देता येत नाही. मग तडक 'ब'च्या दुकानात. सोंगक्रान सात दिवसांवर आहे.

---

ओन्नुतकर | ९ एप्रिल, रात्री १०:५०

नेट आलं!

त्याच दिवशी मेगा बांगनामधल्या दुकानात गेलो. पासपोर्ट, वर्क परमिट, भाडेकरार. अर्ध्या तासात काम झालं, आगाऊ काही मागितलं नाही. ५००/५००, सार्वजनिक आयपी घेतला नाही. मुलीला आधीच विचारलं की कोपऱ्यावरच्या पेटीत जागा आहे का. तिने फोन करून चांगकडून खात्री करून घेतली. हा प्रश्न आधी विचारता येतो हे 'अ'च्या वेळी सुचलं नव्हतं.

आज आलेला चांग विशी-बाविशीचा, बूट दाराबाहेर काढून मोज्यांवर आत आला. हॉलमध्ये आमचा गणपती आहे, अजून खोक्यांच्या गर्दीतच. त्याने पाहिलं, ड्रिल खाली ठेवलं, दोन्ही हात कपाळापर्यंत नेऊन नमस्कार केला, "फ्रा फिकनेत" (गणपतीचं थाई नाव). मग मला खुणेने सांगितलं की इथून तार नेली तर धूळ देवावर उडेल, पलीकडून नेऊ. एसीच्या भोकातून घेतली, भिंतीला धक्का नाही. (कैरीताई, आभार.)

फायबर जोडताना बघत बसलो होतो. केसासारखा तंतू, त्यावरचं आवरण सोललं, अल्कोहोलच्या कापडाने पुसला, छोट्या यंत्रात दाबून टोक कापलं. कापलेला बारीकसा तुकडा डोळ्यांना दिसतही नव्हता, पण त्याने तो चिकटपट्टीवर चिकटवून खिशात घातला आणि लेकीच्या अनवाणी पायांकडे बोट दाखवलं. मग सिग्नलची ताकद मोजायचं मीटर लावलं, उणे १९.

---

लाल_दिवा | ९ एप्रिल, रात्री ११:१५

उणे १९ डीबीएम उत्तम. उणे २७ च्या खाली गेला की राउटर रुसायला लागतो. आकडा लिहून ठेवा, पुढे नेट अडखळलं तर चांगकडून आधी तोच मोजून घ्यायचा. पोरगं कामाचं आहे, त्याचा लाइन आयडी घेतलात का?

---

ओन्नुतकर | ९ एप्रिल, रात्री ११:२०

घेतला. राउटर मधल्या मजल्यावर, सौ.चा लॅपटॉप तारेने. आजच्या कॉलनंतर ती एवढंच म्हणाली, "बरं आहे." आमच्याकडे हे पाच तारे समजतात.

---

मूकवाचक_६ | ११ जून, रात्री ९:००

धागा वर काढतोय. माझं हलणं आलं. ओन्नुतकर, जुन्या कंपनीचं काय झालं? आणि पावसात टिकलं का?

---

ओन्नुतकर | १२ जून, रात्री १०:२५

जुनीचं: 'देता येत नाही' हा चॅट, नवा भाडेकरार आणि दोन्ही पासपोर्ट (हो, बदलला होता) घेऊन दुकानात गेलो. आधी बसवण्याचं शुल्क मागितलं. मी चॅट दाखवला. मुलगी आत गेली, वीस मिनिटांनी आली, फक्त चालू महिन्याचं बिल घेतलं. १२०० लावावा लागला नाही. राउटर, अडॅप्टर आणि टीव्हीचा डबा परत केला. राउटर कंपनीचा असतो, दिला नाही तर पैसे लावतात. कुठल्या डब्याचा कुठला अडॅप्टर ते आधीच चिकटपट्टीवर लिहून ठेवा. मी काउंटरवर वायरींचा गुंता सोडवत उभा होतो, मागे रांग.

पावसात दोनदा गेलं. एकदा वीज गेली म्हणून. त्यावर शॉपीवरून १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला, त्यावर राउटर आरामात चालतो. दुसऱ्यांदा राउटरवर लाल दिवा लागला (आपले नव्हेत). रखवालदार म्हणाला होता तसं झालं, गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. तोच पोरगा. वर चढला, तारेचं कुरतडलेलं टोक दाखवलं आणि म्हणाला, "साय खात." क्रारोक, म्हणजे खार. इथल्या खारींना फायबरचं वेष्टण आवडतं म्हणे.

थाईत साय म्हणजे तार आणि खात म्हणजे तुटली. संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं, काल बोलता आलं नाही कारण साय खात झालं होतं, खारीने. ती म्हणाली, "मग पातेल्यावर झाकण नाही का ठेवायचं?"

---

कर्जतची_कैरी | १२ जून, रात्री १०:४०

हसून हसून वाट लागली.

मूकवाचक, तुमचं फ्राखनोंगहून कुठे? काँडो असेल तर वर पाहुणीताईंचा प्रतिसाद वाचा, घर बघायला जाल तेव्हा चपलांचं कपाट उघडायला विसरू नका.

---

मूकवाचक_६ | १३ जून, सकाळी ८:१०

काँडोच आहे, बांगनाला. शनिवारी बघायला जातोय. नितीची खिडकी पाचला बंद होते म्हणून आधी तिथे, मग वर. पोर्ट तेम, साय खात पाठ केलंय. बाकरवडी कुठे मिळते तेवढं सांगा.

---

ओन्नुतकर | १३ जून, सकाळी ८:३०

आईने पाठवलेली होती. व्यक्तिगत निरोप करतो, अर्धं पाकीट उरलंय.